टिकटिक थांबली म्हणजे व्हॉल्व्ह ‘मुरला’ नव्हे

‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा, हृदयात कृत्रिम व्हॉल्व्ह (झडप) बसवलेल्यांसाठीचा एक मेसेज फिरतोय. तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने फोन करून विचारलं, “मग गोळी बंद करू का रे?” तिचा व्हॉल्व्ह मेकॅनिकल, म्हणजे धातू-कार्बनचा, आहे. एरवी मी असल्या फॉरवर्डच्या नादी लागलो नसतो.

मेसेज म्हणतो, सहा महिन्यांत व्हॉल्व्ह शरीरात मुरतो. मग रक्त पातळ करायची गोळी सोडा, लसूण खा. यात अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. व्हॉल्व्ह प्राण्यांच्या ऊतींचा असेल आणि दुसरं काही कारण नसेल, तर वॉरफरिन (हीच ती रक्त पातळ करायची गोळी) बहुधा तीन ते सहा महिन्यांत थांबवतात. मेकॅनिकल व्हॉल्व्हची गोष्टच वेगळी. त्याची शिवलेली कड ऊतींनी झाकली जाते, पण उघडझाप करणारी पाती न झाकलेलीच राहतात, आणि कितीही वर्षं गेली तरी रक्ताला ती परकीच. रक्ताची गुठळी पात्याच्या बिजागरीत बसली की पातं अडकतं; सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. म्हणून गोळी जन्मभर. लसणाचं म्हणाल तर गोळीचा परिणाम आयएनआर या रक्ततपासणीने मोजता येतो, लसणाचा कशाने मोजणार?

आणि हा तर कहरच: ‘टिकटिक ऐकू येईनाशी झाली की समजा व्हॉल्व्ह एकरूप झाला.’ अहो, ती टिकटिक म्हणजे पाती मिटण्याचा आवाज. रोज ऐकू येणारा आवाज अचानक दबला, त्यात दम लागू लागला, तर पात्यावर गुठळी धरली असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच क्षणी इस्पितळ गाठायचं. हा मेसेज मात्र पेढे वाटायला सांगतो!

‘रक्ततपासणी नको असणाऱ्या नव्या गोळ्या घ्या’ हा सल्लाही आहे. मेकॅनिकल व्हॉल्व्हवर डॅबिगॅट्रान ही अशीच एक नवी गोळी वापरून पाहणारी री-अलाइन चाचणी मध्येच थांबवावी लागली. 2013 साली निष्कर्ष छापून आले: नव्या गोळीच्या गटात नऊ जणांना पक्षाघात, वॉरफरिनच्या गटात एकालाही नाही. रक्तस्रावही नव्या गोळीनेच जास्त झाला. आणखी काय सांगायचं?

बाकीचं किरकोळ. एमआरआय चालतो, फक्त व्हॉल्व्हचं कार्ड दाखवा. वॉरफरिन चालू आहे म्हणून पालेभाज्या सोडायच्या नाहीत, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. ‘एकदा बसवला की कायमचा’ हे ऊतींच्या व्हॉल्व्हला लागू नाही. तो साधारण 10 ते 15 वर्षांत झिजतो, तरुणांत आणखी लवकर.

व्हॉल्व्हला होणाऱ्या जंतुसंसर्गाबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. दात काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो, हे मावशीलाही ठाऊक नव्हतं. तिला आणखी एक सांगून ठेवलंय: कारण कळत नसलेला ताप आला, तर आधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी), मग अँटिबायोटिक.