ध्वनिमुद्रणासाठी वेगळा संगणक हवाच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

घरातल्या रोजच्या संगणकावरच ध्वनिमुद्रण करता येते, त्यासाठी स्वतंत्र यूजर अकाउंट उघडले की तेवढे पुरे आहे, असे मी मूळ लेखात लिहिले होते. त्यावर आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. रोजच्या वापराच्या संगणकावर ध्वनिमुद्रण केल्याने दोन्ही कामे बिघडतात, म्हणून इंटरनेट नसलेला वेगळा संगणकच हवा. मी सुचवलेले स्वतंत्र यूजर अकाउंट ही निव्वळ मनाची समजूत आहे. आणि मुद्रणासाठी दुसरी एसएसडी (वेगवान साठवण डिस्क) आवश्यक असूनही मी तिचा उल्लेख केला नाही.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. अकाउंट बदलले की आपोआप उघडणारे बरेच प्रोग्रॅम टळतात, हे खरे. पण ड्रायव्हर (संगणकाचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि पडद्यामागे चालणाऱ्या सेवा सगळ्या अकाउंटना सामाईकच असतात, आणि आधीच्या अकाउंटमधून लॉग आउट न करता नुसती अदलाबदल केली तर तिथले प्रोग्रॅमही चालूच राहतात. ‘तेवढे पुरे आहे’ हे माझे वाक्य चुकीचे होते. मूळ लेखात ते दुरुस्त करत आहे.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. ४८,००० हर्ट्‌झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापे, अर्थात सॅम्पल, घेत) आणि १२८ सॅम्पलच्या बफरवर (म्हणजे एका वेळी १२८ सॅम्पलचा तुकडा हाताळत) मुद्रण करताना संगणकाला सेकंदाला ३७५ वेळा, म्हणजे दर २.६७ मिलिसेकंदांनी, आवाजाचा एकेक तुकडा तयार करून द्यावा लागतो. त्यातला एक जरी उशिरा आला तरी कानाला ‘टिक’ ऐकू येते, मग प्रोसेसर सरासरी दहा टक्केच वापरात का असेना. वेगवान असणे आणि वेळेवर हजर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ध्वनिमुद्रणाला दुसरी लागते. ही वेळ चुकवणारी गोष्ट बहुतेकदा कोऱ्या करकरीत संगणकातही पहिल्या दिवसापासून असते. ब्राउझरमध्ये बिले भरल्याने किंवा पत्रे लिहिल्याने ती निर्माण होत नाही.

मला हे अनुभवाने कळले. एका गाण्याच्या मुद्रणात चार ठिकाणी टिक येत होती. मी केबल बदलली, माइक बदलला, फरक पडला नाही. शेवटी लहरीचे चित्र मोठे करून पाहिले, तर गुळगुळीत चढउताराच्या मध्येच रेघ कात्रीने कापल्यासारखी तुटून भलत्याच उंचीवर पुन्हा सुरू झालेली दिसली. केबलचा दोष असता तर खरखर दिसली असती. इथे तुकडाच गळाला होता. कोणता ड्रायव्हर वेळ अडवतो ते दाखवणारा लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम चालवल्यावर त्याच्या यादीत वाय-फायचा ड्रायव्हर सर्वांत वर आला. तेव्हापासून मुद्रणापुरते वाय-फाय बंद ठेवतो आणि काम संपले की चालू करतो. संगणक तोच आहे, घरातले सगळे तोच वापरतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे, केवळ गाणे किंवा गिटार मुद्रित करणाऱ्याला इतका लहान बफर लागतच नाही. बऱ्याच ऑडिओ इंटरफेसमध्ये (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणात) डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असते. तिच्यामुळे गायकाला स्वतःचा आवाज संगणकातून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये ऐकू येतो. मग बफर १,०२४ वर नेता येतो, संगणकाला २१ मिलिसेकंदांची सवड मिळते आणि जुना लॅपटॉपही निभावून नेतो. फक्त प्रोग्रॅममधून परत येणारा आवाज त्या ट्रॅकपुरता बंद करायला विसरू नये, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधली वाद्ये वाजवणाऱ्याला ही पळवाट नाही, कारण तिथे आवाज संगणकातच जन्मतो; आपले काम त्या प्रकारचे असेल तर आपली काळजी मला समजते.

एसएसडीबद्दल थोडे गणित मांडतो. २४ बिट (म्हणजे प्रत्येक सॅम्पलला तीन बाइट) आणि ४८,००० हर्ट्‌झवर एका मोनो ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात. सोळा ट्रॅक एकदम मुद्रित केले तरी ते २३ लाख बाइटच होतात, आणि साधी फिरती हार्ड डिस्कसुद्धा याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. दुसरी डिस्क जरूर घ्यावी, पण ती बॅकअपसाठी. तासाभराच्या सोळा ट्रॅकना सुमारे ८.३ जीबी लागतात, त्यामुळे जागा लवकर भरते.

इंटरनेट कायमचे तोडण्याचा सल्ला मी देणार नाही. सॉफ्टवेअरचे परवाने तपासायला ते लागते, आणि सुरक्षेचे अपडेट न घेतलेल्या संगणकात पेन ड्राइव्हमधूनही व्हायरस येऊ शकतो. अपडेट बंद न करता ते हाती घेतलेले गाणे पूर्ण होईपर्यंत पुढे ढकलावेत.

मूळ लेखात राहून गेलेली एक गोष्ट आपल्यामुळे आठवली. सिस्टिमचा नेहमीचा आवाज, म्हणजे सूचना, व्हिडिओ, कॉल, संगणकाच्या अंगच्या स्पीकरकडे वळवावा आणि इंटरफेस केवळ मुद्रणाच्या प्रोग्रॅमला द्यावा. तसे न केल्यास ब्राउझर इंटरफेसला ४४,१०० हर्ट्‌झवर नेऊन ठेवू शकतो, प्रोजेक्ट मात्र ४८,००० वर असतो, आणि प्रोग्रॅम एकतर सुरू होत नाही किंवा गाणे भलत्याच पट्टीत वाजते. आपल्याला ‘कारण नसताना सूर उतरतो’ असा जो अनुभव आला, त्याचे मूळ बहुधा इथेच असावे. दोन्ही ठिकाणचा आकडा एकदा ताडून पाहावा आणि काय आढळले ते अवश्य कळवावे.