पूर्वी इथे काहीच नव्हतं

परवा रविवारी भर मे महिन्याच्या उन्हात नौपाड्यातल्या एका बावीस मजली टॉवरच्या गेटवर मला पाऊण तास उभं केलं. गुन्हा एवढाच, की मला आतलं फणसाचं झाड बघायचं होतं. आईने सांगितलं होतं, स्टेशनकडे जातोच आहेस तर किती धरलेत ते बघून ये. टॉवरच्या जागी आमचा वाडा होता. सोळा बिऱ्हाडं, एक विहीर, चार संडास आणि हा फणस.

“किस फ्लॅट में जाना है?” वॉचमनने विचारलं. म्हटलं, झाड बघायचंय. त्याने मोबाइलवर वरखाली शोधलं. अ‍ॅपमध्ये झाड नव्हतं.

तेवढ्यात ते काका आले. थ्री-फोर्थ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आल्याआल्या ‘मी कमिटीवर आहे’ म्हणाले. नाव सांगितलंच नाही.

“कोण हवंय?”

“कोणी नको. मी इथे लहानाचा मोठा झालो.”

“कुठल्या विंगमध्ये?”

“विंग नव्हती. विहिरीच्या डाव्या हाताला, जिन्याखालची खोली.”

“शक्यच नाही. पझेशनच २०१९ला मिळालं.” त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून मनात वजाबाकी केली. “तेव्हा तुम्ही चांगले थोराड असणार.”

“त्याच्या आधीचं म्हणतोय मी.”

“आधी इथे काहीच नव्हतं. मी स्वतः पाहिलंय ना! २०१६ला बुकिंगला आलो तेव्हा चारी बाजूंनी पत्रे आणि मधे खड्डा.”

काहीच नव्हतं! सकाळी डबा हातात धरून रांगेत उभी राहिलेली ती माणसं मग कोण होती? अहो, ठाणं तेव्हा एवढंसं होतं. दादरला जायचं तरी आम्ही ‘मुंबईला जाऊन येतो’ म्हणून देवाला नमस्कार करून निघायचो. १९८२पर्यंत नगरपालिकेचा कारभार. मग महानगरपालिका झाली, ते आम्हाला पेपरातून कळलं. नळाला ते बरीच वर्षं कुणी कळवलं नव्हतं.

“बरं, मूळचे ठाणेकर ना?” काकांनी आता परीक्षाच घ्यायला घेतली. “पहिली रेल्वे कधी आली?”

“१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून.”

“ते कुणीही सांगेल. गडकरी रंगायतन?”

“१९७८. तलावपाळीला भेळ खात आम्ही त्याचं बांधकाम बघायचो.”

काकांनी फोनवर तपासलं. उत्तर बरोबर निघाल्याने त्यांचा चेहरा पडला. “बरोबर आहे. पण याने रहिवास सिद्ध होत नाही. मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या, त्यांचाही जन्म इथलाच म्हणे. एवढ्याशा प्लॉटमध्ये माणसं जन्मणार तरी किती?”

हा प्रश्न तेव्हा आम्हालाही पडायचा, त्यामुळे मी काही बोललो नाही.

खरं तर वर एखादं ओळखीचं बिऱ्हाड निघायला हवं होतं. जे अडून बसले त्यांना फ्लॅट मिळाले. ते फ्लॅट भाड्याने देऊन मंडळी पुण्याला गेली. बाबांनी मात्र मालकाने दिले तेवढे पैसे घेऊन १९९६मध्येच खोली सोडली आणि आम्ही कळव्याला आलो. बाबा सरळ माणूस. सरळ माणसाला जागा मिळते ती खाडीपलीकडेच.

शेवटी वॉचमनलाच माझी दया आली. “एंट्री तो डालनी पड़ेगी साब. गेस्ट, कॅब, डिलिव्हरी, सर्व्हिस. क्या डालूँ?”

“डिलिव्हरी,” मी म्हटलं. तसं ते खोटं नव्हतं. १९७१च्या पावसाळ्यात त्या जिन्याखालच्या खोलीत सुईणीने ती केली होती.

“सामान किधर है?”

“मैं ही.”

त्याने माझा फोटो काढला आणि दहा मिनिटं दिली.

काका सोबत होतेच, राखणीला. विहिरीचं विचारलं तर म्हणाले, “तिकडे एसटीपी आहे, नाक धरून जा.” म्हणजे सांडपाणी. ज्या विहिरीच्या काठावर चप्पल घालून गेलं तर अख्खा वाडा फटके द्यायचा, तिथे आता बावीस मजल्यांचा मैला जातो. मी गेलो नाही.

फणस मात्र होता. बुंध्याला चुना आणि गेरू, त्यावर पाटी: ‘फळे तोडू नयेत. हुकुमावरून.’

“हे बिल्डरने लावलंय,” काका म्हणाले.

“एवढं मोठं?”

“लक्झरी प्रोजेक्ट आहे.”

बुंध्यात कपड्यांच्या दोरीचा खिळा अजून होता, निम्मा सालीने गिळलेला. मी त्यावरून हात फिरवला, तसं काकांचं लक्ष गेलं. “हा कुणी ठोकला? झाडाला खिळा ठोकला तर हजार रुपये दंड आहे इथे.”

१९८३ साली तो मीच ठोकला होता. पण गप्प राहिलो. हजार रुपये म्हणजे हजार रुपये.

मग मान वर करून फणस मोजायला लागलो. अकरापर्यंत आलो आणि गेटवरून शिट्टी वाजली. “दस मिनट हो गया!”

आईला अकरा सांगितले. ती म्हणाली, “एवढेच? मेल्यांनी पाणी घातलं नसेल.”