स्रोत : इंटरनेट

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे मार्गदर्शन आपल्या गळ्यात पडले असेल, तर आकडेवारी कोठून मिळवावी आणि ती कशी पारखावी, हे विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या फंदात आपण कृपया पडू नये. विद्यार्थ्याला मोबाइलवर पहिल्याच ओळीत आकडा मिळतो, आणि त्याखाली ‘स्रोत : इंटरनेट’ असे लिहिले की संदर्भसूचीचेही काम भागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीचेच पाहा. त्यात दर हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया आढळल्या आणि देशात स्त्रिया पुरुषांहून अधिक झाल्याच्या बातम्या झळकल्या. २०११ च्या जनगणनेत हेच प्रमाण ९४३ होते. हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडून विद्यार्थ्याने ‘दशकभरातील क्रांती’ असे प्रकरण लिहिले, तर त्याला अडवू नका. जनगणना प्रत्येक माणसाची होते आणि हे सर्वेक्षण सहा लाखांहून अधिक कुटुंबांच्या नमुन्यावर उभे आहे. त्यातला आकडा आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेल्यांचा आहे, त्यामुळे बराकीतला जवान, वसतिगृहातला तरुण आणि बांधकामावरच झोपणारा मजूर त्यातून निसटू शकतात. शिवाय आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या बाळांमध्ये हजार मुलग्यांमागे ९२९ च मुली असल्याचे तोच अहवाल सांगतो, असली माहिती देऊन त्याचा हिरमोड कशाला करायचा? अहवालाची पाने उलटण्याची सवय लागलेला विद्यार्थी उद्या आपल्या नोट्सचीही पाने उलटू लागेल. हे सर्वेक्षण करणारी संस्था मुंबईत देवनारला आहे, हेही बोलू नका. एखादा खरोखरच चौकशीला जायचा.

पालघरवर प्रकल्प करू इच्छिणारा विद्यार्थी अधिक धोकादायक असतो. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणजे २०११ च्या जनगणनेच्या मूळ तक्त्यांत तो जिल्हा म्हणून नाहीच, आणि २०२१ ची जनगणना तर त्या वर्षी झालीच नाही. तरीही ‘पालघर जिल्हा, लोकसंख्या २०११’ असा आकडा त्याला सापडतो. तो कोणी, कोणत्या आठ तालुक्यांची बेरीज करून काढला, हे विचारू नका. विचारलेच, तर ती बेरीज त्याच्याकडून करवून घ्यावी लागेल, आणि मग ती तपासणार कोण? उलट, २०११ च्या ठाण्याची एक कोटी दहा लाख लोकसंख्या आजच्या ठाण्याशेजारी मांडून जिल्ह्याचा विकासदर काढणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्या. त्याने आठ तालुक्यांचे आदिवासी पाडे एका फटक्यात नकाशावरून पुसले आहेत, ही साधी गोष्ट नाही.

राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर मराठीतही निघते आणि फुकट मिळते, याचा उच्चार टाळावा. त्यात ‘पूर्वानुमान’ असा एक त्रासदायक शब्द असतो. तो वगळला की अंदाजाची वस्तुस्थिती होते आणि वाक्यही सुटसुटीत होते. स्वतःची माहिती गोळा करणाऱ्यांना मात्र प्रोत्साहन द्या. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर गुगल फॉर्म टाकावा, पन्नास मित्रांनी तो भरावा आणि निष्कर्षात ‘महाराष्ट्रातील युवकांचा कल’ असे शीर्षक यावे.

राहता राहिली तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एखादे पान उघडून ‘हे कोणी मोजले?’ असे विचारण्याची भीती नवख्या मार्गदर्शकांना वाटते. ती निराधार आहे. काळ्या बांधणीवरची सोनेरी अक्षरे पाहून, पृष्ठसंख्या विचारून आणि चहा घेऊन ते सह्या करतात, कारण पुढच्या आठवड्यात त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना परीक्षक म्हणून आपणच जाणार असतो.