एलओएल म्हणजे ‘खूप खूप प्रेम’ नव्हे

तारकर्लीला आमच्या वहिनीचं न्याहारी निवास आहे. गेल्या महिन्यात एका परदेशी पाहुणीचा निरोप आला की आई वारली, बुकिंग रद्द करते. वहिनीने कळवळून उत्तर धाडलं, ‘व्हेरी सॉरी. एलओएल.’ पलीकडून पुन्हा चकार शब्द नाही.

हा प्रताप तिच्या बचत गटाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा. ‘ही ५० लघुरूपं पाठ करा, इंग्रजी आपोआप येईल.’ मलाही तो तिघांनी पाठवला. त्यात लिहिलंय, एलओएल म्हणजे ‘लॉट्स ऑफ लव्ह’, सुखदुःखात कुठेही चालतं.

कुठेही काय चालतं? एलओएल म्हणजे ‘लाफिंग आउट लाउड’, मोठ्याने हसणं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने मार्च २०११मध्ये ते याच अर्थाने घेतलं. म्हणजे आई गेल्याच्या निरोपाखाली वहिनी खदखदून हसली! लग्नपत्रिकेत ‘चि.’च्या जागी ‘कै.’ छापून आलं तर घरात काय आकांत होईल? तसंच हे. खरा अर्थ कळल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, ‘तिका काय वाटला असतला?’

हां, ‘लॉट्स ऑफ लव्ह’ अगदीच हवेतून आलेलं नाही. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून त्याच समजुतीने मेसेजखाली एलओएल लिहायचे, असं त्यांच्या ओळखीच्या माजी संपादक रिबेका ब्रुक्स यांनी २०१२मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या लेव्हसन चौकशीत सांगितलं. पण ब्रुक्सबाईंनी खरा अर्थ सांगितल्यावर त्यांनीही ते सोडलं.

त्याच मेसेजमधलं ‘आरआयपी म्हणजे रिटर्न इफ पॉसिबल’ ही शुद्ध थाप. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘शांती लाभो’ एवढाच. आणि ‘ही सगळी मोबाइलची देणगी’ म्हणणाऱ्यांसाठी : ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल फिशर यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ‘ओएमजी’ (‘ओ माय गॉड’) आहे, १९१७ सालच्या.

राहिलं ‘आपोआप येईल’. ‘सा. न. वि. वि.’ पाठ करून कुणाला मराठी पत्र लिहिता आलंय का? आधी ‘साष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ यायला हवं, मग त्याचं लघुरूप. मैत्रिणींमध्ये ‘प्लीज’चं ‘पीएलझेड’ करा, कोण अडवतंय? पाहुण्यांना आणि नोकरीच्या अर्जात पूर्ण वाक्य लिहा, मोडकंतोडकं असलं तरी.

वहिनीने काल त्या बाईंना माफीचं पत्र लिहिलं. चार ओळी, एकही लघुरूप नाही. स्पेलिंगं तेवढी मी तपासली.