इच्छामरणाआधीचा प्रश्न

महाराष्ट्रात इच्छामरणाची चर्चा निघाली की पुढारलेला देश म्हणून कॅनडाचे नाव हमखास घेतले जाते. गेली बारा वर्षे मी ऑन्टारिओत राहतो आणि त्या उल्लेखाने दर वेळी अस्वस्थ होतो, कारण इथल्या अपंगांच्या अनेक संघटना या कायद्याच्या एका भागाविरुद्ध उभ्या आहेत आणि त्यांचा आक्षेप आपल्याकडे फारसा पोचलेला दिसत नाही.

२०१६ च्या मूळ कायद्याने मृत्यू दृष्टिपथात असलेल्या रुग्णांनाच वैद्यकीय मदतीने मरण्याची मुभा दिली होती. २०२१ च्या दुरुस्तीने ही अट निघाली. आता मरणासन्न नसलेली, पण गंभीर आजाराने किंवा अपंगत्वाने असह्य यातना भोगणारी व्यक्तीही, किमान ९० दिवसांच्या तपासणीनंतर, मृत्यू मागू शकते. २०२३ मध्ये कायद्याखाली १५,३४३ मृत्यू झाले. त्यांपैकी ६२२ या दुसऱ्या वाटेने. आकडा लहान आहे, पण आक्षेप आकड्याचा नाहीच. धडधाकट माणूस ‘जगणे नको झाले’ म्हणाला तर त्याला सावरायला माणसे धावतात. अपंग माणूस तेच म्हणाला तर त्याच्यापुढे अर्ज येतो. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही २०२५ मध्ये ही वाट बंद करण्याची शिफारस केली. अर्थात, जुनी अट न्यायालयात हाणून पाडणारे क्वेबेकमधले जाँ ट्रुशाँ आणि निकोल ग्लादू हे दोघे स्वतः अपंगच होते, हेही विसरता येत नाही.

माझ्या शेजारच्या बाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. सकाळी त्यांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायला सरकारी खर्चाने मदतनीस येते. ती आली नाही की बाई भिजलेल्या कपड्यांत तशाच पडून राहतात आणि फोन हाताशी असला तर मला बोलावतात. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने त्यांना रुग्णालयात नेले, तेव्हा हृदय थांबल्यास ते पुन्हा चालू करायचे का, हे पहिल्या तासाभरात दोनदा विचारले गेले. घरी मदतीचे तास वाढवून हवेत का, हे मात्र एकदाही नाही. वैद्यकीय मदतीने मरण्याचा खर्च सरकारी विमा उचलतो. केंद्राचा नवा अपंग भत्ता जुलै २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा महिन्याला जास्तीत जास्त २०० डॉलर होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ‘निवड’ हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो.

भारतात डॉक्टरच्या हातून मृत्यू आजही बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचार थांबवण्यास आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे आपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३ मध्ये तिची किचकट प्रक्रिया सोपी केली, आणि या दोन्ही पावलांच्या बाजूने मी आहे. परंतु आपल्याकडे व्हेंटिलेटर कधी काढायचा हे पुष्कळदा वैद्यकीय मंडळाच्या आधी बिलाचा काउंटर ठरवतो. ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ अशा कागदावर मुलगा सही करतो आणि त्याला इच्छामरण असे कोणी म्हणत नाही. ८० टक्के अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील माणसाला केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेतून महिन्याला ३०० रुपये मिळतात. इतक्या पैशांत मदतनीस सोडाच, महिन्याचे डायपरही येत नाहीत.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना मरू द्यावे, ही याचिका न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली, तेव्हा आपण अधिकाराच्या कायदेशीर बाजूवर भरपूर लिहिले. त्या निकालातली दुसरी नोंद मागे पडली: इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी पाळ्या लावून त्यांना भरवले, धुतले, कुशीवर वळवले, आणि तेही २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत, जवळपास ४२ वर्षे. घरात पडून असलेल्या माणसाच्या वाट्याला बहुधा एकटी आई येते, आणि ती सत्तरीची झाली की मुलाची कूस कोणी बदलायची, यासाठी लिव्हिंग विलच्या कागदात रकाना नसतो.