तीनशे गुडघे

सरकारी अनुदान मंजूर झाल्याचे पत्र हाती पडते, तो संशोधकाच्या आयुष्यातला शेवटचा निश्चिंत दिवस असतो. माझा तो दिवस मी अभिनंदनाचे फोन घेण्यात वाया घालवला. गुडघेदुखीवर दोन प्रकारच्या व्यायामांपैकी कोणता अधिक उपयोगी, हे तपासणारी क्लिनिकल ट्रायल आम्ही करणार होतो आणि तिच्यात पंधरा महिन्यांत ३०० रुग्ण, म्हणजे दरमहा अवघे २०, सहभागी करून घेऊ, असे मी प्रस्तावात लिहून दिले होते. 'अवघे' हा शब्द सर्वस्वी माझा. परीक्षकांनी प्रस्तावातले बाकी पुष्कळ काही खोडले, पण नेमका तो शब्द ठेवला.

हा ३०० चा आकडा आमच्या सांख्यिकीतज्ज्ञ बाईंचा. त्यांनी आधी १८० सांगितले होते. दोन व्यायामांत खरोखर फरक असेल तर तो आमच्या पकडीत येण्याची शक्यता ८० टक्के, असा त्याचा अर्थ. याला 'पॉवर' म्हणतात. परीक्षकांना ती ९० टक्के हवी होती. पॉवर दहाने वाढली की माणसेही दहा टक्क्यांनी वाढतील, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात ती सुमारे एक-तृतीयांशाने वाढतात. १८० चे २४० झाले, आणि मध्येच सोडून जाणारे धरून २४० चे ३००. बाईंना हे सगळे करायला कागदाची एक ओळ पुरली. मला ती ओळ भरायला तीन वर्षे पुरली नाहीत.

दरमहा २० हा हिशेब मात्र माझा होता. "सर, गुडघेदुखीचे रुग्ण महिन्याला किती येतात?" असे मी बाह्यरुग्ण विभागाच्या प्रमुखांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, किती काय? खोऱ्याने ओढा!" नोंदवहीत महिन्याला ४०० नावे होती. संशोधनाच्या प्रस्तावात जितके रुग्ण मिळतील असे म्हटलेले असते, त्या संख्येला निदान दहाने भागावे, असा सांख्यिकीतज्ज्ञ ह्यूगो म्यून्श यांच्या नावाने सांगितला जाणारा एक नियम आहे. मी शहाणपणाने विसाने भागले होते. तरीही पहिल्या महिन्यात मिळाले तीन.

चाचणी सुरू होताच रुग्ण नाहीसे होतात आणि ती संपताच पूर्ववत दिसू लागतात, हे अमेरिकी औषधशास्त्रज्ञ लुई लॅसाग्ना यांचे निरीक्षण या क्षेत्रात नियम म्हणूनच ओळखले जाते. आमचे रुग्ण मात्र कुठेही गेले नव्हते, ते रोज समोरच्या बाकांवर बसलेले असत. त्यांना नाहीसे केले ते मीच लिहिलेल्या निकषांनी. वय ५० ते ७०, दुखणे किमान तीन महिन्यांचे, दुखणारा गुडघा एकच, कंबरदुखी नको, हृदयविकार नको, गेल्या सहा महिन्यांत सांध्यात इंजेक्शन घेतलेले नको. पन्नाशी उलटलेला, एक गुडघा दुखणारा आणि त्याखेरीज काहीही न दुखणारा माणूस निसर्गात जवळजवळ आढळत नाही. आढळलाच तर तो दवाखान्यात कशाला येईल? त्यातूनही जे उरत, त्यांना आम्ही तपासणीसाठी संशोधन कक्षात यायला सांगत असू. संशोधन कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट होती, असे पाटीवर लिहिलेले होते.

चौथ्या महिन्यात एक निवृत्त गृहस्थ आले आणि सर्व निकषांत तंतोतंत बसले. आमच्या समन्वयक ताई त्यांच्याकडे मी पूर्वी कधीही न पाहिलेल्या मायेने बघू लागल्या. गृहस्थांनी चष्मा पुसला आणि माहितीपत्रकाची चौदा पाने पहिल्या शब्दापासून वाचायला घेतली. पाऊण तासाने त्यांनी मान वर केली.

"मला कुठला व्यायाम मिळणार, हे कोण ठरवणार?"

"संगणक. चिठ्ठी टाकल्यासारखेच."

"म्हणजे चांगला कुठला, ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"कोणालाच ठाऊक नाही, काका. म्हणून तर ही चाचणी."

"इतकी वर्षे शिकून?" ते हळहळले. मग म्हणाले, "शिवाय पान नऊवर 'चिठ्ठी'ची वेलांटी चुकली आहे. घरी विचारून सांगतो."

ते परत आले नाहीत. वेलांटी मात्र राहिली. संमतीच्या कागदातला कोणताही बदल एथिक्स कमिटीच्या मंजुरीवाचून वापरता येत नाही, त्यामुळे आवृत्ती १.० ची १.१ करून, बदलाचे कारण म्हणून 'वेलांटी' असे नमूद करून, मी कागद पाठवला. मंजुरी येईपर्यंत पाच आठवडे आम्ही तीच चुकीची वेलांटी लोकांपुढे ठेवत होतो आणि ते घरी विचारून सांगत होते.

एखादा विक्रेता असता तर गिऱ्हाईक उठताना त्याने चार शब्द आणखी टाकले असते. आम्हाला ती सोय नाही, आणि नसावीच. सहभाग ऐच्छिक आहे, नाही म्हटल्याने उपचारांत काही फरक पडणार नाही, कारण न देताही केव्हाही बाहेर पडता येईल, हे आम्हीच समोरच्याला सांगायचे, तेही असे की त्याला ते खरे वाटावे. होकाराची गरज जितकी जास्त, तितका नकाराचा रस्ता त्याच्यासाठी झाडून स्वच्छ ठेवायचा. ताई तो इतका स्वच्छ ठेवत की लोक त्यावरून दुखऱ्या गुडघ्यांनीही झपझप निघून जात.

दर तिमाहीला अहवाल द्यावा लागे. त्यात एक आलेख असतो: उद्दिष्टाची तिरपी रेघ ताठ मानेने वर जाते आणि प्रत्यक्षाची रेघ तिच्या पायाशी अंग टाकून पडलेली असते. शेजारी हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. लाल होण्याच्या बेतात असताना मी अहवालाला ब्रिटनमधला एक अभ्यास जोडला. तिथे सार्वजनिक निधीतून झालेल्या ११४ चाचण्या तपासल्या, तेव्हा ठरलेल्या संख्येपर्यंत एक-तृतीयांशही पोहोचल्या नव्हत्या आणि निम्म्याहून अधिकांना मुदतवाढ द्यावी लागली होती. अनुदान अधिकाऱ्यांनी थंडपणे विचारले, "म्हणजे हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होते?"

मग उपाय सुरू झाले. मी दोन महिने रुग्णांना बरोबर घेऊन माहितीपत्रक सोपे करण्यात घालवले. त्यानंतर २०१८ सालचा कॉक्रेन आढावा, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, वाचला, त्यात या खटपटीने सहभागात फारसा फरक पडत नाही, असे निघाले. उत्तर न देणाऱ्यांना फोनवरून आठवण केल्याने थोडा फरक पडतो म्हणे. आम्ही फोन केले. लोक फार प्रेमाने बोलले, गुडघ्याची हकीकत सविस्तर सांगितली.

शेवटी मुदतवाढ मिळाली ती 'नो-कॉस्ट'. याचा अर्थ असा की वेळ घ्या, मात्र त्या वेळात काम करणाऱ्यांचा पगार मागू नका. ताईंना दुसऱ्या प्रकल्पात जावे लागले आणि त्यांचे काम माझ्याकडे आले. मुदत संपली तेव्हा आकडा १६२ होता. १६२ माणसे तो मजला चढून आली होती, आणि उत्तर पक्के सांगण्याइतकी मात्र ती नव्हती. चाचणीतली ही एकच गोष्ट मला विनोदाने सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात मी रक्तदाब मोजून घ्यायला खाली गेलो होतो. रांगेत शेजारी ताई येऊन बसल्या, हातात जाडजूड माहितीपत्रक. "सर, तुमचे वय ५४ ना? इतर आजार नाहीत? आमच्या चाचणीत तुम्ही अगदी चपखल बसता." मी पाने मोजली, एकोणीस होती. भेटी सात. चिठ्ठी टाकणार संगणक. ताई त्याच मायेने माझ्याकडे बघत होत्या.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. कुठल्या रकान्यात, ते मला उलट्या बाजूनेही वाचता आले.