मुळा-प्रवरा बुडाली, पण कशाने?

नमस्कार श्रीरामपूरकर,

‘सहकारी वीज संस्थांचे गोडवे गाताय, मुळा-प्रवरा विसरलात का? पुढाऱ्यांनी खाल्ली,’ असं तुम्ही लिहिलंय. विसरलो नाही. मुळा-प्रवरा म्हणजे तुमच्या श्रीरामपूर भागात वीज पुरवणारी सहकारी संस्था. सहकारी वीज संस्थांवरच्या माझ्या लेखात तिला एका ओळीत उरकलं, ही चूक मात्र माझीच.

३१ जानेवारी २०११ ला तिचा परवाना संपला आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे महावितरण आलं. डोक्यावर हजारो कोटींच्या थकबाकीचा दावा. पण नुसतं ‘खाल्ली’ म्हणून हिशेब लागत नाही. संस्थेने वीज मंडळाकडून घ्यायची ती मीटरवर, युनिट मोजून. शेतीपंपाला द्यायची ती मात्र बहुतेक हॉर्सपॉवरवर. पाचची मोटार तासभर चालो नाहीतर रात्रभर, बिल तेवढंच. त्यात सगळा उसाचा पट्टा! वर, वायरमन थकबाकीपायी ज्याची तार सोडवायला निघतो तोच सभासद, तोच संचालकांचा मतदार. असल्या संस्थेत वायरमन खांबावर चढायच्या आधी फोन येतो. हा रोग सहकाराचा आहे, मान्य.

पण एकट्या सहकाराचा नाही. २०२० मध्ये महावितरणची शेतीपंपांची बाकी चाळीस हजार कोटींच्या पुढे होती, आणि ती तर सरकारी कंपनी. उलट मुळा-प्रवरेच्याच पिढीतल्या तेलंगणातली सिरसिल्ला आणि कर्नाटकातली हुक्केरी या सहकारी वीज संस्था अजून चालू आहेत. धुतल्या तांदळासारख्या आहेत असं नाही म्हणत. पण हुक्केरी बेळगाव जिल्ह्यातच आहे, एकदा जाऊन बघण्यासारखी.

आता नवं काय, तर ऊन. पंपाला वीज दिवसा हवी आणि सौर वीज दिवसाच होते. संस्थेचा जीव गेला तो विकतच्या विजेच्या बिलात. गावच्या सबस्टेशनशेजारी स्वतःचा प्रकल्प असेल तर तेच बिल उतरतं. वसुलीचं दुखणं त्याने जात नाही. तिथे मीटर डीपीला, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरला, लावावा आणि त्या डीपीवरच्या वीस-पंचवीस जणांनी बिल वाटून घ्यावं, असं मला वाटतं.

‘कोण ऐकतंय!’ म्हणाल. आमच्याकडे गेल्या मार्चात डीपी जळाली. सगळ्यांचे ऑटो, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप चालू करणारे स्टार्टर, चालू; लाइट आली की मोटारी एकदम उठायच्या. जळाल्यावर वर्गणी आमची, ट्रॉली आमची, डीपी उतरवायला माणसंही आमचीच. चौथ्या दिवशी दुसरी चढवली, आणि त्या रात्री पहिल्यांदाच प्रत्येकाने आपला ऑटो बंद ठेवला, कुणी न सांगता.